आमच्या मुलांचे वय फायलीसाठी थांबत नाही

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस



हे पत्र सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना लिहावे, शालेय शिक्षणमंत्र्यांना लिहावे की दिव्यांग कल्याण विभागाला, यावर कर्णबधिर मुलांच्या आमच्या पालक गटात बराच खल झाला. शेवटी आपल्यालाच लिहायचे ठरले. कर्णबधिर मुलाची तपासणी आरोग्य खात्याकडे, प्रमाणपत्र सिव्हिलच्या बोर्डाकडे, कानाचे मशीन आणि शस्त्रक्रियेची मदत केंद्राच्या योजनेतून, विशेष शाळा दिव्यांग कल्याणकडे आणि गावातली शाळा शिक्षण खात्याकडे. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलापर्यंत पोचवायला या व्यवस्थेत कोणीही नेमलेले नाही. ते काम मुलाची आई करते. ही सगळी खाती ज्यांच्या शब्दावर एकत्र बसतील असे राज्यात एकच पद आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. ती आता सहावीत आहे, मशीन लावते, बोलते, धाकट्या भावाशी कडाकडा भांडते. तिचे बरे चालले आहे, आणि नेमके म्हणूनच मला बोलणे भाग आहे. तिचे बरे चालावे यासाठी आमच्या घराला जे करावे लागले, ते राज्यातल्या प्रत्येक घराला जमेल असे गृहीत धरून सरकारचे काम चालले आहे. ते प्रत्येक घराला जमत नाही. ज्यांना जमले नाही त्यांची मुले मी रोज पाहते.

ऐकू न येणे डोळ्यांना दिसत नाही. बाळ हसते, हात-पाय मारते, वजन धरते. कुणाला शंका आलीच तर आजी स्वयंपाकघरातून ताट आणि पळी आणते आणि बाळाच्या डोक्यामागे वाजवते. बाळ वळते. घरदार निश्चिंत होते. पण ताटाचा आवाज इतका मोठा असतो की बरीच श्रवणशक्ती गेलेल्या मुलालाही तो जाणवतो. शिवाय आजीचा हात हललेला दिसतो, सावली पडते, पलंगाला हादरा बसतो. त्याच बाळाला आईने हळू आवाजात मारलेली हाक पोचत नसते. मग वर्ष जाते, दीड वर्ष जाते. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता', असे सांगणारे घरोघरी असतात. थोडे थांबून बघा, असे सांगणारे डॉक्टरही असतात. आमच्या गटातल्या बहुतेक आयांना आपल्या मुलाला ऐकू येत नाही हे मनात कधीच कळले होते. त्यांचे म्हणणे कुणी कागदावर घेतले नाही, इतकेच.

हा गेलेला काळ भरून निघत नाही. बाळ आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत आवाज ऐकू लागते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत मेंदू भाषेची बांधणी करतो. त्या काळात कानावाटे आवाज किंवा डोळ्यांवाटे खुणांची भाषा, यांतले काहीही मेंदूपर्यंत पोचले नाही तर पुढची सगळी शाळा त्या उणिवेवर उभी राहते. अमेरिकेत क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. त्यावरूनच जगभर एक साधे वेळापत्रक मानले जाते: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू.

आपल्या राज्यात यातले काय होते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाला. त्यातल्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये वर्षातून किमान एकदा सर्व मुलांची तपासणी करावी असे म्हटले आहे. तरीही आशाताई घरी येते तेव्हा तिच्या हातात यंत्र नसते, निरीक्षणाचा तक्ता असतो. तक्त्याने बहिरेपण सापडत नाही. ते ओएई नावाच्या तपासणीत सापडते. बाळ झोपलेले असताना कानात छोटी नळी ठेवायची, दोन-चार मिनिटांत उत्तर मिळते. टोचणे नाही, रक्त नाही, भूल नाही. मोठ्या शहरांतली काही रुग्णालये ती करतातही. तालुक्याच्या प्रसूतिगृहात, सरकारी असो की खासगी, तिचे नावसुद्धा बाळंतिणीच्या कानावर पडत नाही. कमी वजनाचे, काचेच्या पेटीत ठेवलेले, कावीळ फार वाढलेले बाळ असेल तर धोका आणखी मोठा असतो. अशा बाळांनाही 'सगळे ठीक आहे' म्हणून घरी सोडले जाते.

चाळणीत अडकलेल्या बाळाची पुढची तपासणी म्हणजे बेरा. त्यासाठी बाळ गाढ झोपलेले लागते. म्हणून आदल्या रात्री त्याला जागे ठेवायला सांगतात. रात्रीच्या एसटीत आई बाळाच्या तळपायाला टिचक्या मारते, तोंडावर पाणी लावते, बाप खिडकीतले दिवे दाखवतो. बाळ कावते, रडते, बसमधले लोक वैतागतात. सकाळी रुग्णालयात पोचेपर्यंत बाळ दमून झोपते आणि केसपेपरच्या रांगेतच त्याची झोप पुरी होते. नंबर येतो तेव्हा ते टक्क जागे असते. मग झोपेचे औषध, ते ओकून टाकणे, पुढची तारीख. आमच्या वेळी तर यंत्र होते आणि ते चालवणाऱ्याचे पद रिकामे होते, म्हणून आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले. या रात्रीच्या प्रवासाला कंटाळून ज्या घरांनी तपासणीच सोडून दिली, त्यांना बेजबाबदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोजंदारी बुडवून दोन माणसांनी किती वेळा जायचे?

आणि ऊसतोड कामगारांचे काय? बीडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या आवारातल्या कोप्यांवर राहतात. तपासणीचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यांतली एक फेरी मूल गावात नसतानाच होऊन जाते. दुसऱ्या फेरीत शंका आली आणि पुढची चिठ्ठी मिळाली, तरी ती तारीख येईपर्यंत कोयता पुन्हा निघालेला असतो. कारखान्याच्या जिल्ह्यात त्या चिठ्ठीला कुणी ओळखत नाही. अशा मुलाचे निदान तिसऱ्या-चौथ्या वर्षी होणे हे त्या आईचे दुर्लक्ष नाही. आपल्या खात्यांनी त्या कुटुंबाचा वर्षाचा रस्ता कधी लक्षातच घेतला नाही, त्याचा तो परिणाम आहे.

उशीर झाला की पुढचे दरवाजेही बंद होत जातात. केंद्राच्या एडिप योजनेतून कॉकलियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, लाखोंची मदत मिळते. मुंबईतल्या वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे गरिबांची मुले बोलू लागली आहेत, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण जन्मजात कर्णबधिर मुलासाठी त्या योजनेत पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि वैद्यकीयदृष्ट्या ती योग्यच आहे. आता हिशेब पाहा. निदान तिसऱ्या वर्षी. त्यानंतर साध्या मशीनवर काही महिने बघायचे. उत्पन्नाचा दाखला, प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, स्कॅन, लसी, प्रतीक्षा यादी. फाइल पूर्ण होते आणि मूल पाच वर्षांचे झालेले असते. कागद सगळे बरोबर असतात, अधिकाऱ्याने कुठेही नियम मोडलेला नसतो, आणि मुलाच्या हातून संधी गेलेली असते.

प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल वा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर ऐकू कमी येणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. आपण समोर बसून बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे ५५ डेसिबल ऱ्हास असलेल्या मुलाला मशीनशिवाय वर्गातले बोलणे जेमतेम पुसटसे पोचते, आणि कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाही. एका कानाने काहीच ऐकू न येणारे मूलही बसत नाही. ही मुले 'लक्ष देत नाही', 'आगाऊ आहे', 'मंद आहे' अशी शेरेबाजी झेलत मागच्या बाकावर बसतात. व्याख्या केंद्राची आहे, हे मला माहीत आहे. पण अशा मुलाला मशीन देण्यापासून आणि पुढच्या बाकावर बसवण्यापासून राज्याला कोणत्याही व्याख्येने अडवलेले नाही.

आता मशीनकडे येते. मशीन एकदा वाटले की काम संपले, असा समज शिबिरांच्या फोटोंमधून पसरतो. आमच्या घरी रोज सकाळी शाळेआधी एक तपासणी होते. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी ती घालून दिली आहे आणि आता ती आमच्यासारख्या कितीतरी घरांत चालते. मी मुलीच्या पाठीमागे उभी राहते, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर वही धरते आणि सहा आवाज काढते: आ, ऊ, ई, श, स, म. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सगळे स्वर या सहांत येतात. तिने प्रत्येक आवाज परत म्हणायचा. सगळ्यात आधी 'स' जातो. 'स' गेला की मी मोल्डची, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याची, नळी उजेडात धरते. पावसाळ्यात त्यात बाष्पाचा बारीक थेंब अडकलेला असतो. तो फुंकून काढायचा, बॅटरी बदलून बघायची, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवलेले होते ना हे आठवायचे. मूल वाढते तसा कान वाढतो, मोल्ड सैल होतो आणि मशीन शिट्टी मारू लागते. लहान मुलाचा मोल्ड दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. त्यासाठी पुन्हा शहर.

इम्प्लांट झालेल्या मुलांच्या घरी खर्चाचे आकडे आणखी मोठे असतात. कानामागचा प्रोसेसर वॉरंटीनंतर बिघडला की दुरुस्ती पालकांच्या माथी. कॉइल, केबल, बॅटरी, सगळे महाग. जुन्या मॉडेलचे सुटे भाग कंपनी बंद करते तेव्हा नवा प्रोसेसर घ्या म्हणतात, आणि तो लाखांच्या घरात असतो. सरकारी मदतीने ज्या मुलावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्या बापाकडे हे लाख कुठून येणार? आमच्या ओळखीतला एक मुलगा चांगला बोलत होता. प्रोसेसर बंद पडल्यावर तो हळूहळू बोलायचा थांबला. डोक्यात शस्त्रक्रिया करून बसवलेले यंत्र शाबूत आहे आणि बाहेरच्या भागाअभावी ते मुके पडून आहे. केरळने 'श्रुतितरंगम' योजनेत शस्त्रक्रियेबरोबर देखभाल आणि प्रोसेसर बदलण्याचाही विचार केला. महाराष्ट्राने तो करायलाच हवा.

पैसा नाही असे म्हणता येणार नाही. आपल्या जिल्हा परिषदा, नगरपालिका, महापालिका आणि ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो मार्चअखेरीस वस्तू वाटून संपवला जातो. त्याच निधीतून बॅटऱ्या, मोल्ड आणि प्रोसेसरची दुरुस्ती व्हावी, असा एक स्पष्ट शासन निर्णय निघाला तर पालकांना प्रत्येक ग्रामसेवकाशी वेगळा वाद घालावा लागणार नाही.

शाळेबद्दल माझे म्हणणे थोडक्यात मांडते. सर फळ्याकडे तोंड करून बोलले की माझ्या मुलीचा तास संपतो. पत्र्यावर पाऊस वाजत असला की दिवस संपतो. हे शिक्षकांना कुणी सांगितलेलेच नाही. ते सांगणारा विशेष शिक्षक कंत्राटी, आणि त्याच्याकडे कितीतरी शाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे निर्माण करून भरायला पुन्हा बजावले. भाषांच्या विषयांतही आमच्या मुलांचा विचार होत नाही. २०२५ मध्येच पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून सारा महाराष्ट्र तापला होता आणि सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये आमच्या मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. त्या सगळ्या वादात ही तरतूद माझ्या कानावर एकदाही आली नाही. आजही ही सूट मिळवायला पालकाला कायद्याची प्रत पिशवीत घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसावे लागते.

खुणांच्या भाषेबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. आमच्या पालकांत यावरून दोन तट पडतात. 'खुणा शिकवल्या तर मूल बोलणारच नाही' ही भीती आमच्या मनात तज्ज्ञांनीच घातली, आणि कितीतरी मुले बोलणे येण्याची वाट पाहत दहा वर्षांची झाली. त्यांना धड मराठी आली नाही आणि खुणांची भाषाही कुणी दिली नाही. त्यांना पोट दुखते आहे एवढे सांगता येते. पोट का दुखते आहे, शाळेत कुणी मारले का, रात्री कशाची भीती वाटते, हे सांगता येत नाही. मुलीच्या बाबतीत या न सांगता येण्याचा अर्थ काय होतो, हे मी उघड लिहायला नको. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात दहा हजारांहून जास्त शब्द आहेत. २०२१ पासून मुक्त विद्यालयात ही भाषा माध्यमिक स्तरावर विषय म्हणून घेता येते. मोठे झालेले कर्णबधिर तरुण ती शिकवायला तयार आहेत. त्यांना अंगणवाडीत, विशेष शाळेत आणि पालकांच्या वर्गात मानधनावर बोलवा. माझी मुलगी बोलते, तरी ती खुणांची भाषा शिकते आहे. ती कर्णबधिर मैत्रिणींत असते तेव्हा जितकी मोकळी असते, तितकी मी तिला दुसरीकडे कुठे पाहत नाही. आणि आपण आमचे म्हणणे ऐकाल तेव्हा या तरुणांनाही दुभाष्यासह बोलवा. आम्ही पालक आहोत. बहिरेपण जगणारे ते आहेत.

पालकांनाही शिकवायला हवे. लॉस एंजेलिसमध्ये लुईस ट्रेसी या आईने १९४२ साली आपल्या कर्णबधिर मुलाच्या, जॉनच्या नावाने संस्था काढली आणि घरी मुलाला कसे शिकवायचे याचे धडे जगभरच्या पालकांना पत्राने फुकट पाठवले. मराठीत असे धडे सरकारने काढायला काय हरकत आहे? निदान झाल्याच्या दिवशी आईच्या हातात एक चिठ्ठी आणि एक मोठे मौन पडते. त्याऐवजी एक माणूस आणि एक पुस्तिका पडली पाहिजे.

३ डिसेंबर २०२२ ला राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला तेव्हा आम्ही आनंदाने एकमेकींना फोन केले होते. त्या विभागाकडून काय हवे, हे आता नेमके सांगते. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून जास्त बाळे जन्मतात. हजारात एकच बाळ जन्मजात कर्णबधिर धरले, तरी दरवर्षी दीड हजारांहून जास्त घरे या रस्त्याला लागतात. ही संख्या एवढी मोठी नाही की सरकारला प्रत्येक मुलामागे नावानिशी एक माणूस देता येणार नाही. जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रात असा एक समन्वयक नेमा. तपासणीपासून शाळेत नाव घालेपर्यंत मुलाची फाइल त्याने हलवायची. कुटुंब ऊसतोडीला गेले तर कारखान्याच्या जिल्ह्यातल्या समन्वयकाला कळवायचे. कागद पुरे होईपर्यंत वय निघून जाणार असेल तर शस्त्रक्रिया आधी आणि दाखले नंतर, असा अधिकार त्याच्या वरिष्ठाला द्या.

आणि सगळ्यात आधी एक काम करा. बाळ घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीच्या नोंदींखाली आणखी एक ओळ छापा: श्रवणतपासणी, उजवा कान, डावा कान, पुढची तारीख. सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रसूतिगृहांना ती भरणे सक्तीचे करा. येत्या अर्थसंकल्पात यंत्रे, ऑडिओलॉजिस्टची पदे आणि हा निर्णय एकत्र जाहीर करा. आम्ही पालक त्या कामात हवी ती मदत करू. तालुक्या-तालुक्यात जाऊन आयांना समजावून सांगू. आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एका कर्णबधिर मुलीची आई
मराठवाडा